जिन्याखाली लपवलेली ट्रॉली

मी एक जुनी चहाची ट्रॉली आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ उभं राहणं जमत नाही. माझं पुढचं डावं चाक थोडं वाकलेलं आहे. जमिनीला जरासा उतार मिळाला की ते आपोआप वळतं आणि त्याच्यामागे मी ओढली जाते. आमच्या ब्रॅकनशॉ गावातली घरं तर टेकडीच्या उतारावरच रांगेने बांधलेली. सपाट जमीन मला आयुष्यात फार थोडी मिळाली.

दिसायला मी साधीच. करड्या नळ्यांची चौकट, एकाखाली एक असे दोन तपकिरी ट्रे आणि धरायला आडवी दांडी. पण मी हॉटेलातल्या ट्रॉलीसारखी नाही हं. ज्यांचे पाय लटपटतात ती माणसं मला धरून चालतात. काठी घेतली तर एक हात अडकतो, वॉकर घेतला तर दोन्ही. मग स्वयंपाकघरातला चहा बाहेर खुर्चीपर्यंत न्यायचा कसा? त्यासाठी मी. माणूस आपला तोल माझ्यावर सोपवतो आणि मी त्याचा कप नेते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते कौन्सिलचं, म्हणजे आमच्या नगरपालिकेचं गोदाम. तिथे आंघोळीच्या फळ्या, उंच केलेले कमोड, वॉकर, पलंगाचे कठडे असे आम्ही सगळे दाटीवाटीने उभे असायचो आणि कुणाचा नंबर लागतो याची वाट बघायचो. मी कुणा एकाच्या मालकीची नव्हते. गरज असेल त्याने न्यायचं, गरज संपली की परत करायचं. माझ्या दांडीखाली तसं लिहिलेली निळी चिकटपट्टीही आहे.

आमच्या गावात म्हातारी माणसं बहुतेक एकेकटीच राहतात. मुलं लांबच्या शहरांत. म्हणून कुणाला सकाळी उठवायचं, कुणाला आंघोळ घालायची, कुणाच्या पायरीशी कठडा बसवायचा, हे कौन्सिल बघतं. कौन्सिल म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. टाउन हॉलमध्ये फोन घेणारी बाई वेगळी. घरी येऊन 'तुम्हाला काय जमतं, काय जमत नाही' असं विचारणारी वेगळी. माझी उंची ठरवणारी आणखी वेगळी. रोज येणाऱ्या मदतनीस बायका तर कौन्सिलच्याही नसतात, कौन्सिलने ठरवलेल्या एजन्सीच्या असतात. अशी ती काळजी एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जाते, आणि सरकताना मधेच कुठे सांडेल याचा नेम नसतो. मला ही धास्ती चांगली कळते. भरलेला कप न हिंदकळता नेणं, हेच तर माझं काम.

माझं पहिलं घर हर्बर्ट क्लेग यांचं. गिरणीतून निवृत्त झालेला उंचापुरा माणूस. ते माझ्या वरच्या ट्रेवर चहा आणि खालच्या ट्रेवर टोमॅटोच्या रोपांच्या कुंड्या ठेवत. ऊन ज्या खिडकीत असेल तिकडे आमची वरात निघायची. "तू माझ्याकडची सगळ्यात कामसू पोर," असं ते मला म्हणत. कौतुक कुणाला नको असतं? मी नुसती चमकत असायचे.

मग कौन्सिलमधून एक गृहस्थ विचारपूस करायला आले. क्लेगसाहेबांनी त्या दिवशी टाय बांधला. मला मागच्या अंगणातल्या खोपटात ढकललं. मोडक्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. "मी? अगदी ठणठणीत!" ते म्हणाले. "ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे बघा तुम्ही." आलेले गृहस्थ भले होते. त्यांनी विचारलं, यांनी सांगितलं, त्यांनी मानलं. सकाळची मदतनीस यायची बंद झाली. तो हिवाळा सरायच्या आत क्लेगसाहेब अंगणात पडले. तिथून दवाखान्यात आणि दवाखान्यातून वृद्धाश्रमात. ते परत आले नाहीत.

मी मात्र खोपटातच राहिले. माझ्यावर कुणीतरी रंगाचे जड डबे रचले. कोळ्यांनी माझ्या नळ्यांमध्ये जाळी विणली. चाक वाकलं ते तेव्हाच. घर विकायला काढलं तेव्हा पुतण्याला माझी निळी पट्टी दिसली, आणि मी पुन्हा गोदामात आले. तिथे मला धुतलं, पुसलं, नवी रबरं लावली. वाकडं चाक तसंच राहिलं. चालतंय ना, मग असू दे, असं झालं असावं.

मग मी म्युरिअल ऑग्डेन आजींकडे आले.

चर्चच्या पायरीवर बर्फात पाय घसरून आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, घरी सोडलं, आणि पहिले काही आठवडे कौन्सिलने सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस दिली. ती टेंडाई. टेंडाई झिम्बाब्वेची. तिच्याकडे आजीला गोगो म्हणतात, म्हणून ती आजींनाही गोगो म्हणायची. आजींना ते नाव मनातून फार आवडायचं. तोंडाने त्या म्हणायच्या, "गोगो काय गं! हे काय कुत्र्याचं नाव वाटलं का तुला?"

मला पाहून आजींनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

"हे काय आणलंय? दवाखान्यातली मेली खाटगाडी! माझं घर आहे हे, वॉर्ड नव्हे."

"गोगो, खाटगाडीवर झोपवतात. हिच्यावर बिस्किटं ठेवायची," टेंडाई म्हणाली.

"तू फार बोलतेस."

"तुझ्याकडे आल्यापासून लागलेय बोलायला."

आजींनी कपाटातून क्रोशाचा एक रुमाल काढून माझ्या वरच्या ट्रेवर अंथरला. त्या रुमालाने मी दवाखान्यातली वाटेनाशी झाले, आणि आमचं जमलं. हळूहळू दार ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर असं आम्ही फिरायला लागलो. आजींची पावलं मला पाठ झाली. घरात तान्हं मूल असलेल्या बाईचे कान कसे असतात माहीत आहे ना? हात कामात असले तरी कान दुसऱ्या खोलीत असतात. आवाज असला तर ती निर्धास्त असते, शांतता झाली की दचकते. माझं तसंच झालं. आजी मला सोडून कुठे गेल्या की माझं डावं चाक वळवळायला लागायचं.

आणि त्या मला सोडून जायच्या! ही त्यांची खोडच होती. सोफ्याची पाठ, मग टेबल, मग दाराची चौकट, असं फर्निचरला धरत धरत जायच्या. एका दुपारी टेबल आणि चौकट यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्या खाली बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. टेंडाई यायला अवकाश होता. आजी जमिनीवरून सरपटत सोफ्यापाशी आल्या, त्याला धरून कशाबशा उठल्या, आणि कितीतरी वेळ डोळे मिटून बसून राहिल्या. मी तिथेच दोन हातांवर उभी होते. मला पुढे होता आलं नाही, हाक मारता आली नाही.

संध्याकाळी टेंडाईने कोपरावरचा काळा डाग पाहिला. "हे काय गोगो?"

"दार लागलं."

"दार चालत आलं होतं का तुझ्याकडे?"

"जुनी घरं आहेत गं बाई, दारं काहीही करतात."

टेंडाई हसली नाही. पण तिच्या हातात काय होतं? तिने एजन्सीला फक्त डाग दिसल्याचं कळवलं, कारण दारच लागलं असं आजींनी शपथेवर सांगितलं होतं. काय घडलं ते फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नाही.

असे ते आठवडे संपत आले. पुढे मदत चालू ठेवायची की थांबवायची हे ठरवायला कौन्सिलमधून कुणीतरी येणार होतं. त्या दिवशी सकाळी आजींनी ठेवणीतला निळा झगा घातला, मोत्यांची माळ घातली, केसांना पिना लावल्या. माळेचा फासा त्यांना लागेना, तो टेंडाईने लावून दिला.

"आता ही गाडी जिन्याखाली घाल," आजी म्हणाल्या.

माझं चाक जागच्या जागी वळलं.

"गोगो, असं करू नको. ती बाई मदत द्यायला येणार, आणि तू मदतीची वस्तूच लपवतेस?"

"लपवत कुठे आहे? पाहुणे यायचे म्हणून पसारा आवरतेय."

"मग मी थांबते. मी सांगते तिला, तू कशी चालतेस ते."

"तुला पुढच्या घरी जायचंय. तो बिचारा म्हातारा अंथरुणात वाट बघत असेल." मग आजींचा आवाज बदलला. "टेंडाई, तू नवी आहेस इथे. तुला माहीत नाही. तो हर्बर्ट क्लेग होता ना, गिरणीतला? मदत मागत बसला, आणि नेलं ना त्याला वृद्धाश्रमात! मला माझ्या घरातून जायचं नाही. या खिडकीतून जायचं नाही."

मित्रांनो, माझ्या नळ्यांमधून वारं गेल्यासारखं झालं मला. क्लेगसाहेबांनी मदत मागितली? त्यांनी तर नको म्हटलं होतं! म्हणून तर ते पडले! साऱ्या ब्रॅकनशॉमध्ये हे ठाऊक असणारी मी एकटी, आणि मलाच ढकलत जिन्याखाली नेत होते. टेंडाईचा फोन वाजायला लागला होता. पुढच्या घरी उशीर होत होता. तिने मला कपाटात घातलं, माझ्यावरचा रुमाल नीट केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "गोगोकडे लक्ष दे." जणू मला ऐकू येत होतं. येतच होतं म्हणा.

दार लागलं. अंधार. एका बाजूला व्हॅक्यूम क्लीनर, दुसऱ्या बाजूला नाताळच्या सजावटीची खोकी, डोक्यावर जिन्याच्या पायऱ्यांची उलटी बाजू. हे कपाट बैठकीच्या खोलीतच उघडतं, आणि तरुणपणी गिरणीत काम करताना मागांच्या खडखडाटात आजींचे कान जरा गेलेले असल्याने त्या मोठ्याने बोलतात. त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

दाराची घंटा वाजली. येणाऱ्या मुलीने आपलं नाव नसरीन मलिक असं सांगितलं. आवाज तरुण, बोली अगदी आमच्या टेकडीवरची.

"मलिक?" आजी म्हणाल्या. "तुझे आजोबा गिरणीत होते का गं?"

"होते की. रात्रपाळीला."

"बघ! दारात भेट व्हायची आमची. आम्ही आत जायचो आणि ती मंडळी डोळे चोळत बाहेर पडायची. बस, बस. चहा टाकते."

"नको, मिसेस ऑग्डेन, खरंच नको. आत्ताच घेऊन आले."

मग प्रश्न सुरू झाले. सकाळी उठायला त्रास होतो का? छे. कपडे घालायला? माझी मी घालते, बघतेस ना. आंघोळ? मस्त. कधी तोल गेला, पडलात? "मी? मी चर्चच्या पायरीवर पडले तेवढंच. आणि ती चूक बर्फाची." एकेक उत्तर ऐकून मी कपाटात तडफडत होते. प्रत्येक 'छे' बरोबर टेंडाईची एकेक सकाळ पुसली जात होती. मला डोळ्यांपुढे टेबल आणि चौकट यांच्यामधली ती मोकळी जागा दिसत होती.

"तुमच्याकडे आमची एक ट्रॉली आहे ना? चहाची?" नसरीनने विचारलं.

"ती होय? ती परत पाठवली मी. लागतच नाही आता."

परत पाठवली! मी इथे, पाच पावलांवर, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत अडकलेली! तेवढ्यात रस्त्यावरून एक जड ट्रक चढण चढत गेला, सगळं घर हादरलं, माझं चाक वळलं आणि मी उतारावरून सरकत दारावर धाडकन आदळले.

"हे काय वाजलं?" नसरीन दचकली.

"बॉयलर," आजी म्हणाल्या. "जुना झालाय. माझ्यासारखा. कुरकुरतो अधूनमधून."

मी पुन्हा आदळायचा प्रयत्न केला. पण दुसरा ट्रक आला नाही. दाराची कडी पक्की होती.

"तुमचं एकूण छान चाललंय म्हणायचं," नसरीन म्हणाली. तिच्या आवाजात थोडी सुटका होती. तिला त्या दिवशी आणखी किती घरं करायची होती कोण जाणे. "मग सकाळ-संध्याकाळची मदत या आठवड्यानंतर थांबवायची. बरोबर?"

"थांबव," आजी म्हणाल्या. हा एकच शब्द त्या हळू बोलल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नसरीन निघाली. आणि तेव्हा, मित्रांनो, आजींच्यातली गिरणीवाली उठून उभी राहिली.

"अशी कशी जातेस? मलिकची नात माझ्या घरातून कोरड्या तोंडाने जाणार? लोक काय म्हणतील! बस तू. मी आणते."

मी कान टवकारले. सोफ्याची पाठ. बरं. टेबल. बरं. मग ती मोकळी जागा. माझा जीव चाकांत आला. मग चौकटीवर हात टेकल्याची थाप. पोचल्या! नळ सुटला. किटली खळखळली आणि टक् करून बंद झाली. किटलीतून चहादाणीत पाणी. कपांचा आवाज, चमच्यांचा आवाज, बिस्किटांचा डबा. सगळं ट्रेमध्ये मांडल्याचं मला कळलं.

आणि मग काहीच नाही.

ती शांतता मला ओळखीची होती. ट्रे उचलायला दोन हात लागतात. दोन्ही हात ट्रेला दिले तर ओट्याला कोण धरणार? एकदा कप किणकिणले. पुन्हा ट्रे खाली टेकला. आणखी एकदा किणकिणले, या वेळी जोरात, आणि पुन्हा टेकला.

"मिसेस ऑग्डेन, मी येऊ का?"

"नको नको! आलेच."

पण त्या आल्या नाहीत. चहा गार होत असणार. नसरीन उठली असावी, दोन पावलं वाजली आणि थांबली. ती आत गेली नाही, हे मी कधी विसरणार नाही. आत जाऊन ट्रे उचलून आणणं किती सोपं होतं! पण मग आजींनी हसून म्हटलं असतं, 'आताच आणणार होते,' आणि सगळं तिथेच मिटलं असतं. नसरीन नुसती वाट बघत उभी राहिली.

"नसरीन," शेवटी आजींची हाक आली. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ते जिन्याखालचं कपाट आहे ना, ते उघडतेस का जरा?"

कडी निघाली. इतका उजेड आला की क्षणभर मला काही दिसेना. दारात एक मुलगी उभी होती, डोक्याला हिरवा स्कार्फ, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र. तिने माझ्याकडे पाहिलं. क्रोशाच्या रुमालाकडे पाहिलं. दांडीखालच्या निळ्या पट्टीकडे पाहिलं.

"हा बॉयलर का?" तिने विचारलं.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला, आणि हसता हसताच तो रडण्याचा झाला.

मी धावले, मित्रांनो. म्हणजे नसरीनने ढकललं, पण माझं चाक कधी नव्हे ते सरळ पळालं. आजींनी एक हात ओट्यावरून काढून माझ्या दांडीवर ठेवला, मग दुसरा. त्यांच्या बोटांची पकड मला अजून जाणवते. नसरीनने ट्रे माझ्यावर ठेवला आणि आम्ही तिघी बाहेर आलो. एक थेंबही सांडला नाही.

चहा पिता पिता आजींनी सगळं सांगितलं. आंघोळ टेंडाईच घालते हे सांगितलं. ती दुपार सांगितली, जमिनीवरची. "आता नेशील ना मला?" त्यांनी विचारलं. "हर्बर्ट क्लेगला नेलंत तसं?"

"दुसऱ्या कुणाबद्दल मला बोलता येत नाही," नसरीन म्हणाली. "पण एक सांगते. मदत मागितली म्हणून कुणाला घराबाहेर काढलेलं मी पाहिलं नाही. मागितली नाही आणि मग पडली, अशी माणसं मात्र पुष्कळ पाहिलीत. आणि मिसेस ऑग्डेन, मी तुमचं खरं मानून चालले होते हं! दारातून बाहेरच पडत होते मी."

"चहा नको म्हणालीस ना, म्हणून," आजी म्हणाल्या. "पाहुण्याने चहा नाकारला की असं होतं. घे, आल्याचं बिस्किट घे."

तिथेच सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. नसरीनच्या वर साहेब आहेत, आणि गावात आजींसारखी माणसं खूप आहेत. तिने सकाळची आणि संध्याकाळची मदत मागितली, दुपारचीही मागितली. सकाळची आणि संध्याकाळची मिळाली. दुपारची मिळाली नाही, पुन्हा बघू म्हणाले. म्हणून दुपारी अजून मीच आहे. टेंडाई जाताना मला आजींच्या खुर्चीला अगदी चिकटून उभी करते आणि आजींना दम देते, "ही सोबत असल्याशिवाय उठायचं नाही. बॉयलरला घेऊन जायचं." आता माझं नावच बॉयलर पडलंय.

टेंडाई गेल्यावर घरात शांतता होते, आणि माझं चाक पुन्हा वळवळायला लागतं. आजींनी पेंगून मान टाकली तरी मी जागी असते. त्या हलल्या की माझ्या दांडीवर हात येतो का, याकडे माझं सगळं लक्ष. बहुतेक वेळा येतो. काही वेळा त्या सोफ्याच्या पाठीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी श्वास रोखून धरते.

मित्रांनो, काम झाल्यावर आमच्यासारख्यांना खोपटात टाकू नका, परत पाठवा. कुणीतरी आमची वाट बघत असतं. आणि तुमच्याही घरात, शेजारात कुणीतरी असेल. भिंतीला धरून चालणारं. विचारलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणून हसणारं. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या हातचा चहा मागा आणि तो यायला उशीर झाला तर घाईने उठू नका, नुसतं दाराशी उभं राहा. ते हाक मारतील. मग जिन्याखालचं कपाट उघडा. आत माझ्यासारखं कुणीतरी केव्हाचं चुळबुळत असेल.